जुन्या जीपची बॉडी बदलण्याआधी चासी का पाहावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी घेतलेली १९९३ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप गुहागरजवळच्या गावात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, घरामागच्या मांडवात उभी असते. नोंदणीचे नूतनीकरण २०२८ पर्यंत झालेले आहे आणि इंजिन उत्तम चालते. मात्र ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला आहे, मागच्या चाकांवरील कमानींना भोके पडली आहेत आणि टेलगेटची खालची कड हाताने मोडते. गावातील फॅब्रिकेटर पूर्ण बॉडी नवी बांधून घ्या म्हणतो, मेहुणे हरियाणातील डबवालीहून तयार बॉडी मागवा म्हणतात आणि आपण स्वतः फायबरच्या बॉडीचा विचार करीत आहात. यांपैकी काय करावे आणि आरटीओमध्ये अडचण येईल काय, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या जीप आणि जिप्सी पूर्ण उघडून पुन्हा उभ्या करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि त्या आधारावर मला असे वाटते की बॉडी निवडण्याची वेळ अजून आलेली नाही. आपल्याला दिसतो तो गंज बॉडीवरचा आहे. पण या गाड्यांची बॉडी चासीवर, म्हणजे सगळी गाडी पेलणाऱ्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टने बसवलेली असते, आणि ज्या खाऱ्या चिखलाने वरचा पत्रा खाल्ला, तोच चिखल खालच्या चासीतही तितकीच वर्षे साचलेला असतो. त्यामुळे पहिला प्रश्न चासी किती शिल्लक आहे हा, दुसरा पाणी नेमके कुठून येऊन कुठे थांबत होते हा, आणि बॉडी कोणती घ्यावी हा तिसरा. हा क्रम उलटा केला की नवी कोरी बॉडी कुजक्या चासीवर चढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत माणूस पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहतो.

आपल्याकडचा गंज कसा चालतो, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. पावसाने गाडी सडते असा सर्वसाधारण समज असतो, परंतु पाऊस निदान वरचा भाग धुऊन तरी काढतो. खरे नुकसान मीठ करते. समुद्री मिठातील सोडियम क्लोराइड हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओले होते, आणि त्यातच असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून खूपच कोरड्या हवेतही ओले राहते. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे एवढी आर्द्रता वर्षातील बराच काळ असतेच. म्हणजे मांडवात उभ्या असलेल्या, पावसाचा थेंबही न लागलेल्या गाडीच्या पत्र्यावर रोज रात्री खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. मांडवाचे छप्पर पावसाबरोबर गाडीचे धुणेही अडवते, हे लक्षात घ्या. त्यात आपली जांभ्याची लाल माती अत्यंत बारीक असते. ती चासीच्या खाचांत आणि तळपत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. गाड्या उघडताना बॉडीच्या रबराखालून निघणारी माती एप्रिल महिन्यातही दमट असते.

आता चासीकडे वळू. ही तपासणी आपण घरी करू शकता. त्यासाठी जाड वायरब्रश, लहान गोल तोंडाची हातोडी, एक टोकदार टोच्या, उजेडासाठी बॅटरी (टॉर्च), मीटरटेप आणि गवंड्याकडचा ओळंबा एवढे पुरते. गाडी सपाट कोब्यावर उभी करावी. जॅक लावून खाली शिरण्यापूर्वी चाकांना उट्या लावाव्यात आणि गाडी मजबूत स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये. मग वायरब्रशने मातीचा थर काढून पाटे (चाकांवरच्या लवचीक पोलादी पट्ट्या) जिथे हँगरला आणि शॅकलला, म्हणजे चासीवरच्या त्यांच्या धारकांना, जोडलेले असतात त्या जागांपासून सुरुवात करावी. हातोडीने चासीवर थोड्या-थोड्या अंतरावर टिचक्यांसारखे ठोके द्यावेत. चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो आणि हातोडी उसळते. जिथे आवाज बद्द होतो, हातोडी उसळत नाही आणि गंजाचे पापुद्रे थरांनी खाली पडतात, तिथे टोच्या जोर देऊन दाबावा. तो आत रुतला, तर त्या ठिकाणी चासी संपली आहे असे समजावे, मग वरून रंग कितीही चकचकीत असो.

चासीचे काही भाग उघड्या चॅनेलचे असतात आणि काही भाग पेटीसारखे बंद असतात. उघडा भाग दिसतो तेवढाच खराब असतो. बंद भाग मात्र आतून कुजतो आणि बाहेरून शेवटपर्यंत बरा दिसतो. त्यामुळे बंद भागांची खालची बाजू आणि तिथली छिद्रे विशेष काळजीने पाहावीत. छिद्रात तार घालून ढवळल्यास सुकी माती पडते की गंजाचे तुकडे पडतात, यावरून बराच अंदाज येतो. मागचा शेवटचा क्रॉस मेंबर, म्हणजे चासीच्या दोन बाजू जोडणारा आडवा भाग, जिथे ओढण्याचा हुक बसवलेला असतो, आणि स्टेअरिंग बॉक्स ज्या ठिकाणी चासीला धरलेला असतो तो भाग, या दोन जागा मी स्वतः दोनदा पाहतो, कारण त्या तुटल्या तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

एवढे झाल्यावर चासी सरळ आहे काय, हे मोजावे. दोन्ही बाजूंच्या एकसारख्या छिद्रांतून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा कराव्यात, गाडी बाजूला घ्यावी आणि खुणांमधील तिरकी अंतरे टेपने मोजावीत. दोन तिरक्या मापांत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर चासी वाकलेली किंवा पिळलेली आहे असा संशय घ्यावा. अशा चासीवर सरळ बॉडी बसवली, तर बोल्ट ओढताना बॉडीही पिळते, काचेची फ्रेम एका बाजूला कलते आणि काही महिन्यांनी कोपऱ्यातील वेल्डिंगला चिरा जातात. मालक बॉडीवाल्याला दोष देतो. पुष्कळदा त्याचा दोष नसतो.

चासीत एक-दोन ठिकाणी स्थानिक कूज असेल, तर खराब लोखंड पूर्ण कापून, त्याच जाडीचे नवे लोखंड घालून ती दुरुस्त करता येते. भोकावर वरून पट्टी डकवण्याला मी दुरुस्ती म्हणत नाही, कारण पट्टीच्या आत पाणी अडकते आणि दोन्ही लोखंडे मिळून सडतात. कूज पाट्यांच्या हँगरपासून लांबवर पसरलेली असेल, तर मात्र बॉडीचा विचार सध्या बाजूला ठेवा. चासी नंबर चासीवरच कोरलेला असल्यामुळे संपूर्ण चासी बदलणे हा बॉडी बदलण्यापेक्षा कायदेशीरदृष्ट्या वेगळा आणि कठीण विषय आहे, आणि तो आरटीओची परवानगी घेतल्याशिवाय सुरूच करू नये.

चासी ठीक निघाली असे गृहीत धरून बॉडीच्या पर्यायांकडे येतो. माझ्या मते येथे निर्णायक भाग म्हणजे काऊल, म्हणजेच डॅशबोर्ड, पुढची आडवी भिंत आणि काचेच्या फ्रेमच्या बिजागऱ्या ज्यावर बसतात तो पुढचा सांगाडा. बॉनेट, मडगार्ड, काच, स्टेअरिंगचा दांडा, दरवाजे या सर्वांची जुळणी काऊलवरून ठरते, आणि नेमका हाच भाग हाताने बांधणे सर्वांत अवघड आहे. आपण सांगितलेल्या खराब जागा, म्हणजे तळ, मागच्या कमानी आणि टेलगेट, सगळ्या काऊलच्या मागे आहेत. काऊल धड असेल आणि बॉडी बोल्टच्या बहुतेक जागा टिकून असतील, तर मी पूर्ण बॉडी बदलणार नाही. तळ, कमानी आणि बाजूंचा खालचा वीतभर पट्टा कापून नवा घालीन. असे काम करताना कापण्याआधी दरवाजाच्या मोकळ्या जागेत आणि दोन बाजूंमध्ये आडवे अँगल तात्पुरते वेल्ड करून घेणे आवश्यक असते, नाही तर तळ निघताच बाजू आत-बाहेर सरकतात आणि नंतर काहीच जुळत नाही. काऊलच कुजली असेल, बिजागऱ्यांखाली बोट दाबल्यावर पत्रा दबत असेल, तर मात्र ठिगळे लावण्यात पैसे घालवू नयेत. तेव्हा पूर्ण बॉडीच घ्यावी.

पूर्ण बॉडी घ्यायची तर माझी पहिली पसंती, ऐकायला विचित्र वाटेल, पण जुन्या बॉडीला आहे. सोलापूर, लातूर, बीड या कोरड्या भागांत चाललेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची कंपनीची बॉडी मिळाली, तर ती नव्या बांधलेल्या बॉडीपेक्षा बहुधा सरस ठरते. कंपनीचा पत्रा साच्यात दाबलेला असतो, तळाला ताकद देणाऱ्या उभारलेल्या रेघा त्यात असतात आणि बोल्टची छिद्रे जिथल्या तिथे येतात. दोन गोष्टींची मात्र खात्री करावी. शेतीच्या कामाला वापरलेल्या जीपमधून खताच्या गोणी वाहिलेल्या असतात, आणि खताचे क्षार मिठाइतकेच वाईट असल्यामुळे अशा बॉडीचा मागचा तळ उलटा करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसरे म्हणजे ज्या गाडीची ती बॉडी आहे ती रीतसर मोडीत काढलेली असावी, तिचे कागद विकणाऱ्याने दाखवावेत आणि आपल्या नावे बिल द्यावे. त्या बॉडीवर आधीच्या गाडीची नंबरपट्टी असेल, तर ती आपल्या गाडीवर येता कामा नये.

फॅब्रिकेटरकडून बांधून घेण्यात गैर काही नाही. आपल्याकडे हातात कसब असलेली माणसे आहेत. मात्र काम डोळ्यांसमोर व्हावे आणि पत्र्याची जाडी आधी ठरवावी. तळासाठी १६ गेज, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, आणि बाजूंसाठी १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, इतका सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा मी मागतो. २० गेजचा पत्रा वाकवायला सोपा आणि स्वस्त असतो, पण तो एक मिलिमीटरही भरत नाही, आणि जो पत्रा मुळातच पातळ आहे त्याला सडायला वेळ लागत नाही. रंग लागण्यापूर्वी व्हर्नियर घेऊन जावे आणि कडेवर जाडी मोजावी. लांबी (पुट्टी) भरून झाल्यानंतर बॉडी बघायला जाण्यात काही अर्थ नसतो, कारण तेव्हा आपण पत्रा पाहत नसतो, फक्त लांबी पाहत असतो. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा वापरला तर गंजायचा नाही, असेही आपल्याला कोणी सांगेल. तो सपाट भागात टिकतो, परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचे जस्त जळून जाते, आणि गंज सुरू होतो तो जोडावरच. शिवाय जस्ताचा धूर वेल्डरच्या आरोग्याला घातक असतो. त्यावर साधा रंगही नीट धरत नाही, वेगळा एच (धातूवर पकड घेणारा) प्रायमर लागतो.

डबवालीच्या बाबतीत एवढेच म्हणेन की ते जीपच्या कामाचे नावाजलेले ठिकाण आहे आणि तिथून चांगली बॉडीही येते आणि सुमार बॉडीही येते. गुहागरात बसून त्यांतील फरक फोटोवरून कळत नाही. मागवायचीच असेल, तर मधल्या चाकअंतराचे माप, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, आपल्या गाडीवर प्रत्यक्ष घेऊन कळवावे. नुसते नाव सांगू नये, कारण दिसायला सारख्या जीप मापाला सारख्या नसतात. बॉडी बिनरंगाची किंवा फक्त प्रायमरची मागवावी.

फायबरविषयी माझे मत स्पष्ट आहे. छतासाठी ते उत्तम आहे, संपूर्ण बॉडीसाठी मी ते सुचवत नाही. फायबर गंजत नाही हे खरे, पण ते चासीला धरण्यासाठी आत लोखंडी पट्ट्या घालाव्याच लागतात, त्या आत दडून गंजतात आणि खराब रस्त्यावर बोल्टभोवती फायबरला चिरा पडतात. ते वीज वाहून नेत नसल्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर न्यावी लागते. आणि कागदपत्रांच्या दृष्टीने हा दुरुस्ती म्हणून सांगता येण्यासारखा बदल नाही.

कागदपत्रांचा विषय येथेच पुरा करतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील माहिती विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्यामुळे बॉडी त्याच मॉडेलची, त्याच आकाराची, तेवढ्याच आसनांची असावी; कापडी हूडच्या जागी कायमचे पत्र्याचे छत चढवणे, लांबी वाढवणे, दुसऱ्याच मॉडेलचे तोंड बसवणे हे टाळावे. रंग बदलणार असाल, तर त्याची नोंद करून घ्यावी लागते. काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज देऊन, जुनी बॉडी गंजल्यामुळे तशीच बॉडी बसवीत आहोत, असे कळवून त्याची पोच घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. २०२८ मध्ये पुढील पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासायला न्याल तेव्हा ही पोच आणि बॉडीचे बिल उपयोगी पडते.

याच टप्प्यावर चासीवरचा कोरलेला नंबर शोधून त्याचा स्पष्ट फोटो घ्यावा आणि नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंगपासून, म्हणजे दाबाने वाळू मारून करायच्या सफाईपासून, तो भाग जाड टेपने झाकावा आणि तेथे पातळ प्रायमरखेरीज काही लावू नये. नंबर गंजाने पुसट झाला असेल, तर आधी आरटीओकडे जावे. गॅरेजमधल्या पंचने तो पुन्हा ठोकून घेणे हा दखलपात्र गुन्ह्याच्या संशयाला स्वतःहून दिलेला पुरावा असतो, आपला हेतू कितीही साफ असला तरी.

उघडण्याच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते कोणताही बरा मेकॅनिक करतो. बॅटरी सोडावी, वेल्डिंगआधी अल्टरनेटरच्या वायरी काढाव्यात आणि डिझेलची टाकी गाडीपासून दूर न्यावी. गंजलेले बॉडी बोल्ट आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल टाकून ठेवल्यास काही निघतात, उरलेले कापावे लागतात. वायरिंगच्या प्रत्येक जोडाला चिकटपट्टीवर नाव लिहून लावावे. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो: जुनी बॉडी, कितीही कुजलेली असली, तरी गाडी पूर्ण उभी राहून रस्त्यावर फिरेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नये. एखादे ब्रॅकेट किती उंचीवर होते, हातब्रेकची केबल कोणत्या छिद्रातून जात होती, बोल्टखाली किती जाडीचे पॅकिंग होते, या प्रश्नांची उत्तरे त्या सांगाड्याकडेच असतात.

आता ज्या भागावर नव्या बॉडीचे आयुष्य ठरते, त्याकडे येतो. हा भाग दिसत नाही आणि म्हणून त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतो. बॉडी फॅब्रिकेटरकडून येते तेव्हा तिला बहुतेक वेळा रेड ऑक्साइड, म्हणजे तांबडा प्रायमर, मारलेले असते. साधे रेड ऑक्साइड पाणी आत जाऊ देते. ते वरच्या रंगाखालचा थर म्हणून असते, उघड्यावर राहण्यासाठी नसते. अशी बॉडी किनाऱ्यावर महिनाभर उघडी ठेवली, तर गंज रेड ऑक्साइडच्या खाली सुरू होतो आणि पुढे त्यावर कितीही महाग रंग मारला, तरी तो फुगतोच. म्हणून शक्य असेल तर बॉडी उघड्या पत्र्याची, तेल लावून आणावी. प्रायमर लागलेला असेल, तर तो खरवडून काढावा.

पत्रा साफ करण्याआधी तो गोड्या पाण्याने धुणे ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीठ तसेच राहिले, तर सँडब्लास्टिंग ते लोखंडाच्या खळग्यांत आणखी दाबते. हे पाणी किनाऱ्यालगतच्या विहिरीचे असू नये, कारण उन्हाळ्याकडे अशा विहिरी मचूळ होतात, आणि मचूळ पाण्याने धुणे म्हणजे मीठ काढून पुन्हा मीठ लावणे. टँकरचे किंवा आत डोंगराच्या बाजूचे पाणी आणावे. चासी सँडब्लास्ट करण्यास हरकत नाही. पातळ पत्र्यावर मात्र जाड वाळू आणि जास्त दाब वापरल्यास पत्रा लाटांसारखा वाकतो, तेथे बारीक दाणा आणि कमी दाब लागतो. गंज बदलणारी जी रसायने मिळतात, ती बहुतेक फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाची असतात आणि पातळ, चिकटून बसलेल्या गंजावर चांगले काम करतात. पापुद्रे सुटलेल्या गंजावर आणि दोन पत्र्यांच्या जोडात त्यांचा उपयोग होत नाही.

साफ केलेले लोखंड आपल्या हवेत त्याच दिवशी तांबूस दिसू लागते. त्यामुळे जेवढे साफ केले, तेवढ्याला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लागलाच पाहिजे. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा, की हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे. आमच्याकडे याचा व्यवहारी अर्थ असा होतो, की हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे, पहाटेचे दव उडून पत्रा हाताला कोमट लागू लागला की सुरू करावे आणि दुपारी खारा वारा सुटण्याआधी पहिला हात संपवावा. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो, त्यात मीठ नसते. दुपारी दारे उघडी ठेवून रंगवलेल्या पत्र्यावर नुसते बोट फिरवून ते जिभेला लावले, तरी फरक कळतो.

जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो, त्या जोडांना वेल्डिंगपूर्वीच आतून जस्ताचा, वेल्डिंग चालणारा प्रायमर लावावा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. वेल्डिंग आणि प्रायमर झाल्यावर प्रत्येक जोडावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची रेघ ओढावी, तळाखालूनही. बंद पोकळ्यांत शेवटी, सगळा रंग वाळल्यावर, लांब नळीने मेण फवारावे. तळाच्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी निघण्यासाठी दहा-बारा मिलिमीटरची छिद्रे ठेवावीत. आपल्या जुन्या बॉडीत अशी छिद्रे होती आणि ती मातीने किंवा अंडरकोटिंगने बुजली होती, असे बहुधा आपल्याला आढळेल. डांबरी अंडरकोटिंग साफ आणि प्रायमर केलेल्या लोखंडावर चांगले, पण गंजावर मारले तर ते फक्त गंज झाकते. जळके ऑइल खालून फासण्याची आपल्याकडची जुनी पद्धत मी बंद केली आहे. त्याने गंज थोडा अडतो, पण रबरी बुश फुगतात, माती चिकटते आणि ते पावसात अंगणात उतरते. तळावर अॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारे पाणी अडकले, की दोन्हींचे नुकसान होते आणि खालचा पत्रा दिसतही नाही, म्हणून ती नको.

बसवताना सर्व रबरे नवी आणि मूळ जाडीची घ्यावीत. जाड रबराने बॉडी उचलली, की स्टेअरिंगचा दांडा आणि गिअरच्या दांड्यांची छिद्रे जुळत नाहीत. सगळे बोल्ट आधी बोटाने बसतील इतकेच लावावेत. प्रथम काऊल स्टेअरिंगच्या दांड्याशी जुळवावी, मग काचेची फ्रेम, मग बॉनेट आणि मडगार्ड बसवून फटी पाहाव्यात, लागेल तिथे पॅकिंग द्यावे आणि त्यानंतरच मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला जात थोडे-थोडे ओढावेत. एका कोपऱ्यातला बोल्ट पूर्ण ओढून पुढे गेल्यास जी फट पडते, ती पाना कितीही फिरवला तरी नंतर जात नाही.

नवीन बॉडी बसवल्यानंतर दिवे मंद लागणे, इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवाही लुकलुकणे, काटे चुकीचे दाखवणे अशा तक्रारी हमखास येतात. वायरमनला वायरिंग दोषी वाटते. खरे कारण असे असते, की रंग आणि रबर या दोन्हींमुळे बॉडीचा चासीशी विजेचा संबंधच तुटलेला असतो. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन आणि चासी ते बॉडी अशा तीन जाड पट्ट्या लावाव्यात, त्यांच्या खालचा रंग नाण्याएवढा खरवडावा आणि बोल्ट ओढून झाल्यावर वरून ग्रीस लावावे.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण तो चासीवर आणि आपण किती काम घरी करता यावर अवलंबून आहे. बॉडीचे जे बिल होईल, साधारण तितकीच रक्कम चासी साफसफाई, प्रायमर, सीलंट, रबर, बोल्ट आणि वायरिंगसाठी बाजूला ठेवावी. पैसे कमी पडत असतील, तर वरच्या चकचकीत रंगात काटकसर करावी, प्रायमरमध्ये नाही. वरचा रंग पुढच्या वर्षीही मारता येतो.

सध्या आपल्या हातात करण्यासारखे काम म्हणजे चासीची तपासणी आणि काऊल दाबून पाहणे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, गाडी उघडली, तर कोरड्या महिन्यांत प्रायमर होतो आणि मे संपण्याच्या आत गाडी उभी राहते. पुढे दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून गेल्यावर किंवा पुळणीजवळच्या रस्त्याने फिरल्यावर त्याच संध्याकाळी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. आत रबरी किंवा काथ्याच्या चटया कायमच्या अंथरून ठेवू नयेत. पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, चटया काढून तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत, सीलंटची रेघ कुठे सुटली आहे काय ते पाहावे आणि बॉडीचे बोल्ट एकदा तपासून पुन्हा ओढावेत, कारण नवी रबरे पहिल्या वर्षात बसतात आणि बोल्ट आपोआप सैल पडतात.